आरसीसी इमारतीतील भिंत ‘भार घेत नाही’ म्हणून काढता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील १९९४ सालची, तळमजला अधिक तीन मजले अशी आरसीसी इमारत आहे. रस्त्याला समांतर तिची लांबी १२ मीटर आणि आतपर्यंतची खोली १५ मीटर आहे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन सदनिका असून त्यांच्या मागे मोकळे पार्किंग आहे. या दोन्ही सदनिका एकाच गृहस्थांनी घेतल्या आहेत आणि तेथे शोरूम करायची म्हणून रस्त्याकडील नऊ इंची भिंत पूर्ण काढून काच बसवणे, दोन सदनिकांमधली सामाईक नऊ इंची भिंत काढणे आणि आतल्या चार इंची भिंती पाडणे असा त्यांचा बेत आहे. ठेकेदार म्हणतो की, इमारत कॉलम-बीमवर उभी आहे, भिंती काही भार घेत नाहीत आणि वाटलेच तर एक लोखंडी गर्डर घालून देऊ. प्रश्नकर्ते नेमके त्या जागेच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि ठेकेदाराचे म्हणणे खरे मानावे का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत इमारतीचा जुना नकाशा दिला आहे, त्यात १६ कॉलम दिसतात.

ठेकेदार एका दिशेबद्दल बोलतो आहे आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. वरून खाली येणारे वजन या भिंती बहुधा घेत नाहीत. परंतु इमारतीवर बाजूनेही जोर येतो, भूकंपात तर फार मोठा येतो, आणि त्या वेळी याच भिंती तळमजल्याला ताठ ठेवण्याचे निम्म्याहून अधिक काम करत असू शकतात. म्हणून ‘भिंत भार घेते का’ एवढे विचारून भागत नाही. ती कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या दिशेने धावते आणि ती गेल्यावर त्या मजल्यावर त्याच दिशेच्या आणखी किती भिंती उरतात, हे विचारावे लागते. हीच भिंत तिसऱ्या मजल्यावरची असती, तर माझे उत्तर बरेच मवाळ झाले असते.

आधी वजनाचे पाहू, कारण त्यातही ‘बहुधा’ हा शब्द मी उगाच घातलेला नाही. त्या काळात बांधलेल्या कित्येक लहान इमारती निम्म्या आरसीसी आणि निम्म्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवर वजन पेलणाऱ्या, आहेत. बाहेरच्या बाजूने कॉलम असतात, पण मधला एखादा बीम कॉलमवर न टेकवता नऊ इंची भिंतीवर काँक्रीटचा ठोकळा ठेवून त्यावर सोडलेला असतो. नकाशात तो सहज नजरेतून सुटतो. खात्री करायची असेल तर बीम जेथे संपतो तेथला गिलावा हातभर खरवडून खाली कॉलमची कड दिसते का, हे पाहावे. कॉलम असेल तर काँक्रीट आणि वीटकाम यांच्यामधली उभी रेघ स्वच्छ दिसते. कॉलम नसेल आणि वीटकाम सलग चालू असेल, तर ती भिंत खरोखरच वजन पेलते आहे. मग तिला हात लावण्याचा विषय पूर्ण वेगळा होतो.

दुसरी गोष्ट अशी की, जेथे कॉलम-बीमची चौकट पूर्ण आहे तेथेही तीस वर्षांत भिंत अगदी निर्लेप राहिलेली नसते. काँक्रीटचा बीम कायमच्या वजनाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहतो. भिंतीचा शेवटचा थर बीमच्या पोटाखाली विटांचे तुकडे आणि मसाला ठासून भरलेला असतो, त्यामुळे बीम काही मिलिमीटर खाली येताच भिंतीवर टेकतो आणि थोडे वजन तिच्याकडे जाते. अशी भिंत एका दिवसात घणाने पाडली की बीम ते राहिलेले काही मिलिमीटर खाली येतो आणि वरच्या घरातील भिंतींना तिरक्या चिरा पडतात. बीम पुरेसा सक्षम असेल तर यातून इमारतीला धोका नसतो, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला रात्रभर झोप लागत नाही. म्हणून भिंत काढायचीच असेल तेव्हा मी आधी बीमखाली टेकू द्यायला सांगतो. मग बीम आणि शेवटचा थर यांच्यामधला सांधा पूर्ण लांबीभर मोकळा करून घेतो, टेकू सावकाश सैल करून बीम किती खाली येतो हे मोजतो आणि त्यानंतरच खालचे वीटकाम काढू देतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. भूकंपात जमीन आडवी हलते आणि इमारतीचे वजन जागच्या जागी राहू पाहते. या ओढाताणीतून प्रत्येक स्लॅबच्या पातळीवर आडवा जोर निर्माण होतो. वरच्या सर्व मजल्यांचा जोर खाली उतरत येतो आणि त्याची संपूर्ण बेरीज तळमजल्यालाच पेलावी लागते. आपल्या इमारतीपुरता ढोबळ हिशेब मांडतो. एका मजल्याचे क्षेत्र १८० चौरस मीटर आहे. स्लॅब, बीम, भिंती, फरशी आणि वापराच्या भाराचा काही हिस्सा धरून दर चौरस मीटरला सुमारे १.१ टन वजन येते. म्हणजे एका स्लॅबमागे अंदाजे २०० टन आणि चार स्लॅबचे मिळून ८०० टन. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे तिसऱ्या क्षेत्रात येते आणि त्या क्षेत्राचा गुणांक ०.१६ आहे. इतक्या कमी उंचीच्या, भिंतींनी भरलेल्या इमारतीचा हिशेब केला तर, चौकट पूर्णपणे लवचिक राहिली, म्हणजे तिला कायमची इजा झाली नाही, असे धरून, आडवा जोर वजनाच्या सुमारे २० टक्के, म्हणजे १६० टन निघतो. मानक त्याला साध्या बांधणीच्या चौकटीसाठी ३ ने भागण्याची मुभा देते, त्यामुळे डिझाइनचा आकडा सुमारे ५३ टन होतो. हा भागाकार का करू दिला जातो, ते पुढे येईलच. सध्या ५३ टन आणि १६० टन हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत. वाऱ्याचा जोर तुलनेने कमी आहे. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, त्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ९० किलो होतो आणि सगळे घटक लावूनही या इमारतीवर तो २० टनांच्या आतच राहतो. म्हणून येथे निर्णय भूकंपाच्या आकड्यावरच करायचा.

हा जोर कोण घेतो? ज्याच्या अंगी ताठरपणा जास्त, त्याच्याकडे जोर जास्त जातो. कॉलम-बीमच्या चौकोनात ठासून बांधलेली भिंत आडव्या जोराखाली एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी दाबली जाते आणि चौकटीत तिरका टेकू लावल्यासारखी वागते. मानकाने तिचा हिशेब याच पद्धतीने करायला सांगितले आहे. मी आपल्या इमारतीसारखे आकडे घालून पाहिले. साडेतीन मीटर लांब, २.६ मीटर उंच, साध्या लाल विटांची नऊ इंची भिंत आणि २३० बाय ३८० मिलिमीटरचा, एम १५ या दर्जाच्या काँक्रीटचा कॉलम धरला. सलग भिंतीचा ताठरपणा दर मिलिमीटरला सुमारे १.८ टन निघतो, म्हणजे तिला एक मिलिमीटर आडवे सरकवायला तेवढा जोर लागतो. तोच कॉलम रुंद बाजूने ढकलला तर फार तर १.४ टन आणि अरुंद बाजूने ढकलला तर अर्धा टन. कॉलमचे हे आकडेसुद्धा त्याची दोन्ही टोके पक्की जखडलेली आहेत असे धरून आलेले आहेत. प्रत्यक्षात बीम थोडे वळतात, काँक्रीटला सूक्ष्म तडे असतात आणि आकडा आणखी खाली येतो. थोडक्यात, सलग नऊ इंची भिंतीचा एक खण, म्हणजे दोन कॉलमांमधला भाग, अरुंद बाजूने उभ्या असलेल्या तीन ते पाच कॉलमांचे काम एकटा करतो. ज्या भिंतीला ‘नुसता आडोसा’ म्हटले जाते, तिचा हा हिशेब आहे.

ताकदीचेही असेच आहे. वीटकामाच्या मानकानुसार कातर ताणाची, म्हणजे आडव्या जोराने वीटकामात येणाऱ्या ताणाची, किमान अनुज्ञेय मर्यादा दर चौरस मिलिमीटरला ०.१ न्यूटन धरली, तरी साडेतीन मीटरची नऊ इंची भिंत सुमारे ८ टन आडवा जोर घेते आणि चार इंची भिंत त्याच्या निम्मा घेते. भिंत प्रत्यक्ष फुटायला याहून बराच अधिक जोर लागतो. एकूण ५३ टनांपैकी एकेका खणाला ८ टन, हा वाटा डोळ्यांआड करण्यासारखा नाही. मात्र ज्या खणात मोठी खिडकी किंवा दार आहे, तेथे तिरक्या दाबाची वाट तुटते आणि वाटा बराच घटतो. आपल्या रस्त्याकडील भिंतीत खिडक्या किती मोठ्या आहेत, हे नकाशात नीट वाचता येत नाही. उत्तर ज्यावर खरोखर अवलंबून आहे अशा गोष्टींपैकी ही एक आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निराधार नाही. मूळ डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने भिंतींचा ताठरपणा हिशेबात धरलेलाच नसणार, सगळा जोर चौकटीवरच टाकलेला असणार, मग भिंती गेल्याने काय बिघडले? याचे एक उत्तर असे की, १९९४ साली चार मजली इमारतीसाठी भूकंपाचा हिशेब खरोखर झाला होता का, हे जुनी आकडेमोड हाती आल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. झाला असला, तरी तो तळापासून गच्चीपर्यंत सारखी चौकट धरून केलेला असणार. आज मात्र वरच्या तीन मजल्यांवर भिंती आहेत आणि त्या तशाच राहणार आहेत. त्या भिंती वरचा भाग ताठ करतात. ताठ इमारतीचा आंदोलनकाल, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ, कमी होतो आणि खडकावर पाया असलेल्या इमारतीवरचा जोर त्यामुळे उलट वाढतो. आपल्या १२ मीटर उंचीच्या इमारतीचा आंदोलनकाल भिंती धरून ०.३ सेकंदाच्या आसपास येतो आणि नुसती चौकट धरून ०.४८ सेकंद, पाया काळ्या पाषाणावर असेल, तर पहिल्या स्थितीतला जोर दुसरीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त भरतो. म्हणजे भिंती जोर ओढूनही घेतात आणि पेलतातही. वरच्या मजल्यांवर ओढणाऱ्या ठेवायच्या आणि तळमजल्यावर पेलणाऱ्या काढायच्या, या व्यवहारात सगळा तोटा खालच्या कॉलमांच्या पदरी पडतो.

अभियांत्रिकीत याला ‘सॉफ्ट स्टोरी’, म्हणजे वरच्यांपेक्षा कमी ताठ मजला, म्हणतात. वरचे तीन मजले एखाद्या पेटीसारखे एकसंध हलतात आणि संपूर्ण विस्थापन तळमजल्याच्या कॉलमांत एकवटते. हे चार मजल्यांत वाटले गेले असते, तर प्रत्येक मजल्याला सोसण्याइतके होते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाचे केंद्र अहमदाबादपासून २०० किलोमीटरहून लांब होते, तरीही त्या शहरात खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेल्या सदनिका अशा कितीतरी आरसीसी इमारती तळमजल्यातच बसल्या; काही ठिकाणी वरचे मजले जवळजवळ अखंड राहून खाली आले. त्यानंतर २००२ च्या आवृत्तीत मानकाने अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट जोरासाठी डिझाइन करण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या आवृत्तीने त्यापुढे जाऊन मोकळ्या मजल्यावर काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार देण्याचीच अट घातली. ‘पुण्यात कुठे भूकंप होतो’ असे ऐकवले जाईल, म्हणून सांगतो की, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्याने चांगलाच अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसर हादरला तेव्हा तो भाग तर त्या वेळच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. तेथील जाड दगडी भिंतींनी मातीच्या माळवदाचे वजन पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार पेलले होते; त्या उभ्या भाराने पडल्या नाहीत, आडव्या हिसक्याने पडल्या.

आपल्या इमारतीत पार्किंगमुळे तळमजल्याचा मागचा अर्धा भाग आधीच मोकळा आहे. म्हणजे मूळ रचनेतच हा दोष निम्मा आहे आणि पुढच्या दोन सदनिकांच्या भिंती तो उरलेला निम्मा सावरून धरत आहेत. आता दिशा वेगवेगळ्या करून पाहू. रस्त्याला काटकोनात येणाऱ्या जोराविरुद्ध सदनिकांच्या दोन बाजूंच्या बाहेरच्या भिंती आणि मधली सामाईक भिंत अशा तीन ओळी उभ्या आहेत. त्यांतील मधली गेली तरी दोन राहतात. नुकसान होते, पण सगळे हातचे जात नाही. रस्त्याला समांतर जोराची गोष्ट वेगळी आहे. त्या दिशेला रस्त्याकडील भिंत, पार्किंगकडील मागची भिंत आणि आतल्या काही चार इंची भिंती एवढेच भांडवल आहे. रस्त्याकडील आणि आतल्या काढल्या, की एकटी मागची भिंत उरते. तिच्यातही पार्किंगकडे उघडणारी दारे असतील. त्या दिशेने इमारत जवळजवळ पूर्णपणे १६ कॉलमांच्या हवाली होते. जुन्या नकाशात बहुतेक कॉलमांची रुंद बाजू रस्त्याला काटकोनात दिसते, म्हणजे समांतर दिशेला त्यांची अरुंद, अशक्त बाजू येते. ही जोडी मला सर्वांत जास्त खटकली.

पिळाबद्दल (टॉर्शन) एक बारकावा सांगण्यासारखा आहे, कारण आपला अभियंता तो मुद्दा उलट बाजूने मांडू शकेल. आज समांतर दिशेचा ताठरपणा पुढच्या भागात गोळा झाला आहे आणि मागे काही नाही. म्हणून हादऱ्यात इमारत पुढच्या बाजूला धरून पिळते आणि मागचे, पार्किंगचे कॉलम जास्त सरकतात. रस्त्याकडील भिंत काढली तर उरलेली भिंत साधारण मध्यावर येते आणि हा असमतोल कागदावर कमी होतो. हे खरे आहे. परंतु तो कमी होतो तो एका बाजूची जमा बुडवल्यामुळे, दुसऱ्या बाजूला काही भर घातल्यामुळे नाही. शिवाय पीळ रोखायला ताठर घटक कडेला असावे लागतात आणि कडेचाच आपण काढत असतो. ‘भिंत काढल्याने टॉर्शन सुधारते’ असे वाक्य कोणाच्या अहवालात आले, तर शेजारी एकूण ताठरपणा किती घटला याचा आकडा मागावा.

रस्त्याकडील भिंत पूर्ण न काढता खाली कमरेइतकी ठेवून वर काच लावू, अशी तडजोड पुढे येण्याचा संभव आहे. दिसायला ती सुरक्षित वाटते. माझ्या मते ती पूर्ण भिंत काढण्याइतकीच, कधीकधी त्याहूनही वाईट असते. कॉलमचा खालचा भाग अर्ध्या भिंतीने दोन्ही बाजूंनी जखडला जातो आणि वरचा तेवढाच तुकडा हलायला मोकळा राहतो. ताठरपणा मोकळ्या उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. २.६ मीटरऐवजी १.६ मीटर उंची मोकळी राहिली, तर त्या कॉलमचा ताठरपणा चौपटीहून अधिक होतो आणि तो शेजारच्या कॉलमांच्या वाट्याचा जोरही स्वतःकडे ओढतो. त्याच्यात तेवढी ताकद मात्र वाढलेली नसते. असे आखूड कॉलम भूकंपात तिरक्या, कातरीसारख्या चिरेने फुटतात. अर्धी भिंत ठेवायचीच असेल, तर ती आणि कॉलम यांच्यामध्ये पुरेशी फट सोडून ती मऊ पदार्थाने भरावी आणि ती भिंत स्वतंत्रपणे पडणार नाही अशी बांधावी.

आता १६० टनांचे ५३ टन का करू दिले जातात, याकडे येतो, कारण इमारतीच्या वयाचा प्रश्न तेथे दडलेला आहे. मोठ्या हादऱ्यात चौकटीला थोडी इजा होईल, सळया ताणल्या जातील, पण ती तुटून न पडता वाकत राहील आणि हादऱ्याची ऊर्जा जिरवील, या भरवशावर तो भागाकार केलेला असतो. हा भरवसा कॉलममधील रिंगांवर, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या आडव्या सळयांवर, टिकून असतो. जुन्या इमारतीतील कॉलमचे आवरण फोडून पाहिले, की आत बहुधा सहा मिलिमीटरच्या रिंगा आठ-आठ इंचांवर दिसतात आणि त्यांची टोके काटकोनात वाकवून नुसती एकमेकांवर टेकवलेली असतात. हादऱ्यात आवरणाचे काँक्रीट निखळले की ती टोके उघडतात, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि मधल्या काँक्रीटचा भुगा होतो. आयएस १३९२० या मानकानुसार रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवावी लागतात आणि कॉलमच्या दोन्ही टोकांजवळ रिंगा ७५ ते १०० मिलिमीटर इतक्या जवळ घ्याव्या लागतात. हे मानक १९९३ साली आले, पण त्या आवृत्तीत तिसऱ्या क्षेत्रातील पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या निवासी इमारती वगळलेल्या होत्या. त्यामुळे १९९४ च्या आपल्या इमारतीत अशा रिंगा असण्याची अपेक्षा मी धरणार नाही. शिवाय २०१६ च्या आवृत्तीने कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर केली आहे, आणि भिंतीत लपावेत म्हणून काढलेले आपले नऊ इंची कॉलम त्यात बसत नाहीत. अशा चौकटीला ३ ने भागण्याची सवलत तरी पूर्ण द्यावी का, याचाच मी दोनदा विचार करीन. तिच्या मदतीला असलेल्या भिंती काढून घेणे तर लांबच राहिले.

ठेकेदाराच्या लोखंडी गर्डरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गर्डर बीमखाली घातला तर तो उभे वजन घेतो, आणि त्या कामाची तर येथे अडचणच नाही. तो दोन टोकांना नुसता टेकवलेला असेल, तर आडव्या जोरात त्याचा उपयोग शून्य धरावा.

मग शोरूम होऊच शकत नाही का? होऊ शकते, पण काढले जाईल त्याच्या बदल्यात त्याच दिशेला तितके तरी परत द्यावे लागेल. मला सर्वांत सोपा वाटणारा मार्ग असा. रस्त्याकडील तीन खणांपैकी दोन्ही टोकांचे खण भरलेले ठेवावेत आणि मधला मोकळा करून तेथे काच व प्रवेशद्वार घ्यावे. टोकांच्या खणांत आज मोठ्या खिडक्या असतील तर त्या बुजवाव्यात. तेवढी दर्शनी जागा मालकांना पुरत नसेल, तर त्याच टोकांना आखूड पण पक्क्या आरसीसी भिंती घालता येतात. अशी भिंत काँक्रीटची असल्यामुळे कमी लांबीत पुष्कळ काम करते, मात्र तिला स्वतःचा पाया लागतो, जुन्या कॉलम-बीमशी तिला सळया रोवून जोडावे लागते आणि पहिल्या स्लॅबमधला जोर तिच्यापर्यंत पोहोचेल असे तपशील काढावे लागतात. फरशीवर उभी केलेली काँक्रीटची भिंत निरुपयोगी आहे. पोलादी तिरके आधार हा आणखी एक पर्याय आहे. पार्किंगमध्ये तो गाड्यांच्या आड येतो, दुकानात मात्र काचेमागे चालून जातो. नुसते कॉलमांचे जॅकेटिंग करून, म्हणजे त्यांच्याभोवती नवे आवरण चढवून, मजल्याचा ताठरपणा पुरेसा वाढेल असे सहसा होत नाही, पण रिंगांची उणीव भरून काढण्यासाठी ते उपयोगी पडते. सोसायटी खर्चाला तयार असेल, तर हीच संधी साधून पार्किंगच्या मागच्या ओळीतही दोन खण भरून घ्यावेत. पुढे भिंती आणि मागे काही नाही हा मूळचा दोषही त्याने निघेल, आणि शोरूमचे काम हे सोसायटीच्या पथ्यावर पडेल. आतल्या चार इंची भिंतींपैकी ज्या कॉलम-बीमच्या चौकटीत बसत नाहीत, नुसत्या खोलीचे दोन भाग करतात, त्या काढायला माझी हरकत नाही. चौकटीत बसलेल्या मात्र हिशेबात धराव्यात.

मी दुरून जे सांगू शकत नाही, तेही नोंदवतो. काँक्रीटची आजची स्थिती, सळयांचा गंज, पायाखाली काळी माती आहे की मुरूम की खडक, वरच्या मजल्यांवर याआधी कोणी भिंती काढल्या आहेत का आणि गच्चीवर नंतर वाढीव पाण्याच्या टाक्या चढल्या आहेत का, यांपैकी प्रत्येक गोष्टीने वरचे आकडे हलतील. मी घेतलेला एम १५ हा अंदाज आहे. हातोड्याच्या चाचणीने आणि दोन-चार कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढून तो तपासता येतो. आकडे बदलले तरी रस्त्याला समांतर दिशेचा तळमजला उघडा पडतो, हा निष्कर्ष बदलेल असे मला वाटत नाही.

सोसायटीने काम सुरू होण्याआधी लेखी हरकत नोंदवून परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मागावा. निवासी जागेचा व्यापारी वापर करायला महापालिकेची परवानगी लागतेच, तेव्हा हा अहवाल मालकांनाही टाळता येणार नाही. तो अभियंता सोसायटीने नेमावा आणि त्याचे शुल्क मालकांनी द्यावे, हे उत्तम. अहवालात भिंती असताना आणि काढल्यानंतर अशा दोन्ही स्थितींचे विश्लेषण, दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे, मागावे. तळमजल्याचा ताठरपणा त्याच्या वरच्या मजल्याच्या तुलनेत किती टक्के आहे, हा आकडा त्यात स्पष्ट हवा. मोकळ्या मजल्याला काँक्रीटच्या भिंती दिल्यानंतर हे प्रमाण ८० टक्क्यांहून आणि ताकदीचे ९० टक्क्यांहून अधिक असावे, अशी मानकाची अपेक्षा आहे. कोणत्या भिंती यापुढे कधीही काढायच्या नाहीत, ते दाखवणारा सहीनिशी नकाशाही घ्यावा आणि तो सोसायटीच्या दप्तरात ठेवावा, म्हणजे दहा वर्षांनी जागा दुसऱ्याच्या हाती गेली तरी हाच वाद पुन्हा उभा राहणार नाही. ‘इमारत सुस्थितीत असून बदल करण्यास हरकत नाही’ एवढ्या एका परिच्छेदाचे प्रमाणपत्र मिळाले, तर ते परत करावे.

हे वाचेपर्यंत एखादी भिंत फोडायला सुरुवात झाली असेल, तर काम त्याच अवस्थेत थांबवावे आणि त्या बीमच्या मध्यावर व दोन्ही चतुर्थांशांवर टेकू लावून घ्यावेत. आपल्या घरात, त्या बीमच्या नेमक्या वर असलेल्या भिंतीवर आणि दाराच्या चौकटींच्या कोपऱ्यांत तिरक्या चिरा आल्या आहेत का, ते पाहावे. आल्या असतील, तर प्रत्येक चिरेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा आणि ते सगळे अभियंता पहिल्यांदा येईल तेव्हा त्याच्या हाती द्यावे.